माकुलाची डावी बाजू

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आंतोन फर्नांडिसच्या घरी कोणी गेलं, की चहाच्या आधी त्याला माकुलाचा मेंदू बघावा लागे. त्यातून सुटका नसे. विजेचं बिल द्यायला आलेला माणूस असो की नाताळची वर्गणी मागायला आलेली मंडळी, आंतोन त्यांना खांद्याला धरून पुढच्या खोलीत नेई आणि येशूच्या तसबिरीखाली टांगलेल्या चौकटीपुढे उभं करी.

"ह्या बघ," तो म्हणे. "माझ्या माकुलाच्या डोक्यातला. जगात कोणी बघूक नाय."

चौकटीत काळ्या कागदावर रंगीत दोऱ्यांचा गुंता होता. तांबडे, हिरवे, निळे दोरे. माकूल मालवणात सगळ्यांना ठाऊक. दहा हातांचं, घाबरलं की शाई सोडणारं, रंग बदलणारं. त्याच्या पाठीतलं पांढरं हाड किनाऱ्यावर वाहून येतं आणि लोक ते पोपटाच्या पिंजऱ्याला बांधतात. माकुलाचं सुकं करतात, तळून खातात. त्याचा मेंदू मात्र आंतोनची मुलगी जॉयसी पुण्याच्या एका संस्थेत जाऊन बघायला लागेपर्यंत कोणी बघितला नव्हता.

माकूल डोळ्यांनी बघतं आणि कातडीने उत्तर देतं. वाळूवर बसलं की वाळूसारखं, खडकावर बसलं की खडकासारखं. डोळ्यापासून कातडीपर्यंतचा निरोप मेंदूतून कुठल्या वाटेने जातो, हा जॉयसीच्या डॉक्टरेटचा विषय. आजारी माणसाला ज्या एमआरआय मशीनमध्ये झोपवतात, त्याचंच एक धाकटं भावंड संस्थेत होतं. मज्जातंतूतलं पाणी तंतूच्या लांबीने सहज सरकतं, आडवं सरकायला त्याला जड जातं. मशीन हे सरकणं टिपतं, आणि त्यावरून कॉम्प्युटर वाटा काढतो. जॉयसीने बापाला हे एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून आंतोन ते सगळ्या गावाला सांगत होता.

"माडांच्या बागेत पाणी खंयसून धावता ता बघितला, की पाट खंय आसत ता कळता. तसाच ह्या. मशीन पाणी बघता आणि पाट काढता."

चित्रात एकच खोट होती. उजवीकडच्या डोळ्यामागून निघालेले दोरे जाड पेडासारखे मागे उतरत होते. डावीकडचे अर्ध्यातच संपत होते, आणि पुढे बोटभर नुसतं काळं. कोणी विचारलंच तर आंतोन म्हणे, "थंय सावली पडली." एमआरआयमध्ये सावली कशी पडते, हे विचारायची हिंमत अजून चहा न मिळालेल्या माणसात नसते.

माकुलं आंतोनच पुरवी, म्हणून तर हा रुबाब. जॉयसीची मागणी ऐकायला सोपी होती. माकूल जिवंत हवं, आणि त्याने टबात शाई सोडता कामा नये. एवढ्याशा पाण्यात शाई सुटली की माकूल स्वतःच्याच शाईत गुदमरून मरतं. आता गरीला लागलेलं माकूल होडीत आल्याबरोबर पहिलं काम शाईचंच करतं. जेटीवरचे सगळे म्हणाले, जमायचं नाही. आंतोन म्हणाला, माका जमतला.

आणि त्याला जमलंही. त्याच्याकडे बापाच्या वेळची एक युक्ती होती. सायकलच्या चाकातली तार घासून टोकदार करायची आणि माकूल वर आलं रे आलं की डोळ्यामागे टोचायची. एकीकडे टोचलं की ती बाजू एकदम पांढरी पडते. दुसरीकडे टोचलं की दुसरी, आणि खेळ खलास. बाकीच्या मासळीवर शाई उडत नाही आणि जनावर तळमळतही नाही. जॉयसीला जिवंत हवं होतं, म्हणून आंतोन एकदाच टोचे. डाव्या हातात माकूल, उजव्या हातात तार, त्यामुळे टोचणी नेहमी डाव्या डोळ्यामागेच पडे. मग ते अर्धं पांढरं, अर्धं पट्टेरी माकूल टबाच्या तळाशी गपगार बसून राही. श्वास घेई, पण शाईचा थेंब सोडत नसे. वरून आंतोन ओलं गोणपाट टाकी.

जेटीवर जॉयसी उभीच असे. उजेडाने माकुलं बुजतात, म्हणून ती गोणपाट न काढता कडेने गुंगीचं औषध ओती. थोड्या वेळाने उघडून बघावं, तर सगळी माकुलं सगळीकडून पांढरीफटक, कारण गुंगी चढली की त्यांचा रंग उतरतोच. टोचणीची जागा त्या बुळबुळीत कातडीत डोळ्यांत तेल घालून शोधली तरी सापडली नसती.

"पप्पा, तुझी माकुलां इतकी गप कशी रवतत?" ती विचारी.

"माझो धाक," आंतोन म्हणे.

आपण खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलं नाही. पोरीने जिवंत मागितलं, त्याने जिवंत दिलं. धंद्यातली खुबी विचारल्याबरोबर सांगून टाकली तर तिची किंमत राहत नाही, असं त्याचं मत होतं, आणि ते मत मुलीलाही लागू होतं. तार फक्त भाई कुबलला ठाऊक होती, कारण भाई होडीतला भागीदार आणि तो समोरच बसलेला असे.

मे सरत आला, होड्या वर ओढायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा जॉयसी पुण्याच्या गाडीने आली. पोरगी नेहमी आल्या आल्या टोपल्या उघडून बघायची. या वेळी तिने पिशवी खाली ठेवली आणि पुढच्या खोलीतल्या चौकटीकडे बोट केलं.

"मम्मी, ह्या काढून ठेव."

"कित्या गो?" सेवरीनाने विचारलं. तिला त्या चौकटीवरची धूळ पुसण्याचा कंटाळा होता, पण ती उतरवण्यावरून नवऱ्याशी वाद घालण्याचा त्याहून जास्त.

"चुकीचा आसा ता. डावीकडची वाट बघ, खंय आसा? माझ्या सगळ्याच माकुलांत नाय. आमच्या लॅबातल्या सर्वेशान वेंगुर्ल्याच्या जेटीवरसून माकुलां हाडली, तेंच्यात दोनय वाटा आसत."

"मगे वेंगुर्ल्याची जात वायली आसतली."

"जात एकच गो. मेंदू काढतंय मी. भोवती मऊ हाडाची कवटी आसता, ती सुरयेन सोडवूची लागता. मॅडम म्हणतत, डावीकडे माझी सुरी खोल जाता." मग तिने मॅडमचं वाक्य त्यांच्याच शुद्ध भाषेत म्हणून दाखवलं. "'जॉयसी, तुझा हात कच्चा आहे.'"

दीपिका मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. त्यांनी आता शेवटची संधी दिली होती. पावसाआधी आणखी माकुलं आणायची, मेंदू काढायचे. या वेळीही डावी बाजू गेली, तर विषय सर्वेशकडे जाणार.

"आणि तू काय करतलंस?"

"मी? तेणी काढलेले फोटो कॉम्प्युटरार रंगवतलंय," जॉयसी म्हणाली आणि तोंड धुवायला आत गेली.

आंतोन पडवीतल्या बाकड्यावर बसून सगळं ऐकत होता. तो उठला आणि चौकटीपुढे जाऊन उभा राहिला. वर्षभर तो हे चित्र लोकांना दाखवत होता, पण स्वतः त्याने ते धड बघितलं नव्हतं. आता बघितलं. त्याने डावा हात माकूल धरल्यासारखा पुढे केला, उजव्या हाताची चिमूट केली आणि ती रोजच्या सवयीने खाली आणली. चिमूट नेमकी त्या काळ्या जागेवर आली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्वतःच केलेलं भोक चौकटीत घालून, येशूच्या पायांशी टांगून, तो वर्षभर चहाबरोबर गावाला दाखवत होता.

जो माणूस चर्चमध्ये मिस्सा चालू असतानाही शेजाऱ्याच्या कानाशी लागतो, तो त्या संध्याकाळी निमूट जेवला. सेवरीनाने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

सकाळी होडीत बसल्यावर त्याने भाईला सगळं सांगितलं. भाईने विडी पेटवली आणि मग सल्ला दिला.

"तू गप रव मेल्या. आता तार काढू नको. बरी माकुलां हाड, फोटो बरो येतलो, तुझ्या चेडवाचा, जॉयसीचा काम होतला. तुझा नाव पण रवतला. कोणाचा काय बिघाडता?"

सल्ला पक्का होता. आंतोनला तो आवडला. खरं सांगायचं तर कसलाही सल्ला आवडला असता, फक्त त्यात 'गप रव' एवढे शब्द असायला हवे होते. त्याने तार कनवटीलाच ठेवली आणि गरी सोडली.

न टोचलेलं माकूल म्हणजे काय चीज असते, ते त्या दिवशी कळलं. पहिल्याने टबात पडल्या पडल्या पाण्याची डांबरासारखी शाई केली. पाणी बदलेपर्यंत दुसरं आलं, त्यानेही तेच केलं. बंदरात शिरेपर्यंत टबात एकच जिवंत राहिलं होतं, बाकीची मरून पडली होती. जॉयसी जेटीवर यायच्या आत तो घरी आला, मेलेली सेवरीनाला दिली आणि जिवंत माकुलाचा टब परसात विहिरीच्या सावलीला ठेवला.

"जॉये, ही साफ कर गो," सेवरीनाने हाक मारली. "माका तांदूळ धुवचे आसत."

जॉयसी लहानपणापासून विळीवर माकुलं साफ करत आलेली. आतली शाईची पिशवी न फोडता अख्खी काढणं भल्याभल्यांना जमत नाही, थेंब जरी सुटला तरी सगळं मांस काळं. जॉयसीच्या हातून ती पिशवी कधी फुटली नव्हती. पाहुणे आले की सेवरीना मुद्दाम तिलाच विळीवर बसवी. ती येऊन बसली, एक माकूल हातात घेतलं, आणि परत ताटात ठेवलं.

"तूच काप, मम्मी. माझो हात बरो नाय."

"कापला काय?"

"नाय. माझो हातच बरो नाय," जॉयसी म्हणाली आणि उठून गेली.

दारात उभ्या आंतोनने हे ऐकलं. भाईच्या सल्ल्यात सगळं बसलं होतं, फोटो, काम, नाव. हे बसलं नव्हतं. चित्र उद्या सुधारेल, पण आपला हात वाईट आहे असं पोरगी मनाशी धरून बसली आहे, आणि नवीन फोटो बरा आला तरी ती हेच म्हणेल, की आधी वाईट होता, आता जरा बरा झाला. जन्मभर सुरी धरताना तिच्या मनात ही पाल चुकचुकणार.

"जॉये," त्याने हाक मारली. "हय ये. माका तुका कायतरी दाखवूचा आसा."

ती परसात आली. आंतोनने टबात हात घालून माकूल उचललं, कनवटीची तार काढली आणि तिच्या डोळ्यांदेखत डाव्या डोळ्यामागे टोचली.

माकुलाची डावी बाजू क्षणात पांढरी पडली. उजवीवर तपकिरी पट्टे तसेच हलत राहिले. पाठीवरून मधोमध जणू कोणी दोरी लावून रेघ मारली होती. त्याने ते परत टबात सोडलं. माकूल तळाशी जाऊन गप बसलं, आणि पाणी स्वच्छच राहिलं.

जॉयसी वाकून बघत राहिली. मग ती घरात गेली, चौकटीपुढे उभी राहिली आणि परत बाहेर आली.

"सगळ्यांका?" तिने विचारलं.

"सगळ्यांका."

"डावीकडसूनच?"

"मी उजवो. मगे टोचणी डावीकडसूनच पडतली. तू म्हटलंस जिवंत व्हया, शाय नको. माका वाटला, अर्धा टोचला तर..." त्याने माकूल पुन्हा उचललं आणि दुसऱ्या बाजूनेही टोचलं, कारण त्याला तसं अर्धं ठेवण्यात आता कोणाचाच फायदा नव्हता.

"सगळो उन्हाळो मी ह्या हातांक गाळी घातलंय, पप्पा," जॉयसी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण होतं. "सर्वेशाक विचारलंय, रे, तू सुरी कशी धरतंस? माका विचारूचा लागला! आणि तू हय जेटीर सांगत फिरतंस, माझो धाक."

"चुकलंय," आंतोन म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा शब्द त्याच्या तोंडून सेवरीनाने ऐकला नव्हता. ती तांदळाचं भांडं हातात धरून दारात बघायला आली.

जॉयसीने तिथेच मॅडमना फोन लावला. आंतोनला वाटलं, ती म्हणेल, इथल्या एका मच्छीमाराने केलं. पण मालवणी सोडून सरळ पुस्तकी मराठीत ती म्हणाली, "मॅडम, चूक पकडतानाच झाली आहे. माझ्या वडिलांनी डाव्या बाजूने तार टोचली होती, प्रत्येक वेळी. हो, वडिलांनीच. मलाही आत्ताच कळलं. माझीही चूक आहे, मी एकदाही गोणपाट उचलून बघितलं नाही." मग पलीकडून मॅडम बोलत राहिल्या. आंतोन विहिरीच्या कठड्याला धरून उभा होता.

"काय म्हणतत?" त्याने शेवटी विचारलं.

"आधीचे सगळे मेंदू फुकट गेले. न टोचलेली माकुलां हाड, म्हणतत. मेंदू तूच काढ. मगे बघूया."

"मगे सर्वेश?"

"ता माझ्या हातार आसा आता," ती म्हणाली. "आणि तुझ्या."

पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि वाराही फिरला होता. दुसऱ्या दिवशी आंतोन आणि भाई निघाले तेव्हा बंदरातल्या निम्म्या होड्या वर ओढलेल्या होत्या. आंतोनने टबाऐवजी मोठं पिंप घेतलं होतं आणि दोन बालद्या. तार त्याने घरीच ठेवली, कारण हातावर त्याचा भरवसा नव्हता. माकूल आलं की हात आपोआप कनवटीला जाई आणि रिकामा परत येई.

शाई सुटली की काळं पाणी उपसायचं, ताजं ओतायचं. पुन्हा सुटली, पुन्हा उपसायचं. होडी लाटेवर आपटत होती, भाई इंजिन सांभाळत आंतोनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि आंतोन एका हाताने पिंप धरून दुसऱ्याने बालद्या मारत होता. परतीच्या सबंध वाटेवर त्याने हात थांबवला नाही. जवळपास निम्मी माकुलं तरीही मेली. धाक बिक काही चाललं नाही, नुसती मेहनत चालली.

जेटीवर जॉयसी औषधाची बाटली घेऊन उभी होती. आंतोन होडीतून उतरला तो केसांपासून पायांपर्यंत काळा. शर्टाचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. तिने बाटली बाजूला ठेवली आणि या वेळी आधी गोणपाट उचललं. आत जिवंत राहिलेली माकुलं एकमेकांना चिकटून होती. उजेड लागताच त्यांच्या पाठींवरून पट्टे सरसरत गेले, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"बघून घे," आंतोन म्हणाला. "अर्धी नाय, पुरी हाडलंय."

जॉयसीने एकेक माकूल नीट बघितलं. बापाचं बोलणं तिने तपासल्याशिवाय धरलं नाही, आणि आंतोनला त्याचं वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं. सगळी बघून झाल्यावर तिने औषध ओतलं.

"शर्ट काढ, पप्पा," ती म्हणाली. "मम्मी घरात घेवची नाय."

पाऊस ओसरून होड्या परत पाण्यात पडल्या, तेव्हा ती नवीन चित्र घेऊन आली. यात दोन्हीकडून दोरे डोळ्यांमागून निघून सरळ मागे उतरत होते, कुठे तुटत नव्हते. विषय तिच्याकडेच राहिला होता. सेवरीना म्हणाली, आता तरी ती जुनी चौकट उतरवा. आंतोनने ऐकलं नाही. त्याने शेजारी दुसरा खिळा मारला आणि दोन्ही चित्रं जोडीने टांगली.

त्याच आठवड्यात त्याचा भाचा रोनी गोव्याहून आला. नियमाप्रमाणे चहाच्या आधी तो चौकटींपुढे उभा राहिला. पाटाचं पाणी ऐकून झालं. मग त्याने जुन्या चित्रावर बोट ठेवलं.

"मामा, ह्या काळा काय? फोटो खराब झालो?"

आत जॉयसी विळीवर माकुलं साफ करत बसली होती. तिचे हात थांबले.

"फोटो बरो आसा," आंतोन म्हणाला, नेहमीच्याच चढ्या आवाजात, अख्ख्या दांडीला ऐकू जाईल असा. "ता मी केलंय. सगळे म्हणत होते, चेडवाचो हात कच्चो. हात तिचो न्हय रे. तो हात माझो आसा."

जॉयसीने शाईची पिशवी अख्खी काढून ताटात ठेवली आणि पुढचं माकूल घेतलं.